पेटीच्या तळाची भोकं

"अहो ताई, वरून गळतंय हो!"

खालच्या मजल्यावरून शेलारकाकूंची अशी हाक आली की मला बरं वाटतं. मी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत येते, वाकून "हो हो, बघते" म्हणते आणि बघत काही नाही. बघायचं काय त्यात? वरून पाऊस पडतो, आमच्या रोपांच्या पेट्यांमधल्या मातीत मुरतो, तळाच्या भोकांतून बाहेर येतो आणि काकूंच्या दोरीवरच्या पांघरुणांवर पडतो. पांघरुणं तशीही वाळणार नसतात. भाद्रपद निम्मा सरला तरी कर्जतजवळच्या आमच्या भिसेगावात कुणाचंच काही वाळत नाही.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं आमचा पाऊस बघायला येतात. धबधब्याखाली उभी राहतात, रस्त्यात गाड्या लावून भजी खातात, आणि "काय नशीबवान हो तुम्ही, रोज हे बघता" असं आम्हालाच सांगून जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवते, पण मनात. पाऊस बघायचा असेल तर बाबांनो सोमवारी या. चपलेवर आलेली बुरशी बघा, डब्यातल्या मिठाचं झालेलं पाणी बघा, इस्त्री मारून मारून वाळवलेला आणि तरीही कुबट वास मारणारा माझा कामावरचा ड्रेस बघा. आम्ही पाऊस बघत नाही, निस्तरतो.

या दिवसांत मला फार थकायला होतं. मी इथल्याच एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. पावसाळा म्हणजे तापाचा हंगाम. सकाळी शटर उघडायच्या आत पायरीवर माणसं बसलेली असतात, कानटोप्या घातलेली, अंगावर शहारे आलेली. दिवसभर दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, टोचायचं, कापूस दाबून धरायला सांगायचं. घरी आले की छत्रीची एक तुटलेली काडी घेऊन पेट्यांची भोकं मोकळी करायची. "तुजा जलम भोकं पाडण्यातच चाललाय गं," असं आई म्हणते. खोटं नाही ते.

गेल्या वर्षी याच दिवसांत मात्र काकू हाक मारत नव्हत्या. पाऊस यंदापेक्षा जास्त होता, दोन-दोन दिवस सूर्याचं तोंड दिसत नव्हतं, आणि खालून एक शब्द नाही. मला वाटलं, चला, बाईला सवय झाली. कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज बोलून जातो. इथं ते मुरत नव्हतं हीच भानगड होती, आणि माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षीच आई माझ्याकडं राहायला आली होती. आली म्हणजे आणली. कुंभिवलीला हायवेच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर आहे, पुढं अंगण, मागं दोन खाचरं. वडील गेल्यापासून ती तिथं एकटीच. पाय सुजायला लागले, इतके की चप्पल जाईना. डॉक्टर म्हणाले, पायात पाणी साचतंय, मीठ कमी करा, पाय वर घेऊन बसा. पाय वर घेऊन बसणारी बाई ती नव्हे. मी दुपारी फोन करायची, ती उचलायची नाही, मग इथं माझा हात थरथरायचा. आणि माझ्या हाताला थरथरून चालत नाही, समोर कुणाचा तरी दंड असतो. सरळच सांगते, मला ती माझ्या डोळ्यांसमोर हवी होती. तिच्यासाठी किती आणि माझ्या जिवाच्या शांततेसाठी किती, हे मी कधी वेगळं करून बघितलं नाही.

"चल माझ्याकडं," असं मी शंभरदा म्हटलं असेल.

"मी नाय येत. तुज्या त्या खुराड्यात जीव गुदमरतो माजा."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वाट काढली ती तिनंच. आषाढ पौर्णिमेला कुंभिवलीच्या विहारात वर्षावास सुरू झाला. आमच्या घरांतून ठाऊक असतं ते: पावसाचे तीन महिने भिक्खू हिंडत नाहीत, एका जागी राहतात, आणि त्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. वाचन संपवून आम्ही दोघी चिखलातून घरी येत होतो. माझा हात धरून ती चालत होती आणि दर चार पावलांवर थांबत होती. मधेच म्हणाली, "असं करते. वर्षावासापुरती येते तुज्याकडं. भिक्कू राहतात तशी. अश्विन पौर्णिमा झाली का माजी मी मोकळी."

मी हो म्हटलं. म्हटलं, पावसाळा तर निघेल.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं अंगणातल्या कढीपत्त्याजवळ बसून मुळाशी फुटलेलं एक पोर खणून काढलं. ढेकळासकट. ढेकूळ गोणपाटात बांधलं, वर खाचरातल्या काळ्या चिखलाचा आणखी एक गोळा पिशवीत घेतला. हे झाड माझ्या आजीनं लावलेलं. आमच्या आमटीला, कढीला, सुक्या बोंबलाच्या कालवणालासुद्धा त्याचाच पाला. आई ते बोचकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "हे बग. ह्यो कढीपत्ता तुज्याकडं रुजला तर पुढचं पुढं बगू. नाय रुजला, तर मला अडवायचं नाय."

"बरं."

"बरं नाय. शबूद दे."

दिला. आता यात काय कठीण होतं? कढीपत्ता म्हणजे काय परदेशी गुलाब आहे? कुठंही येतो. येताना वाटेत शिळफाट्याच्या नर्सरीत मी मोठ्या थाटात तीन लांबट पेट्या घेतल्या, विटकरी रंगाच्या, प्लास्टिकच्या. नर्सरीवाला म्हणाला, "भोकं घरी पाडून घ्या मॅडम. खाली गोल खुणा आहेत बघा. काही लोकांना भोकं नको असतात, फरशी खराब होते म्हणतात."

घरी येऊन मी पेचकस गॅसवर लाल केला आणि एकेका खुणेवर टेकवला. प्लास्टिकचा जळका वास घरभर झाला. तीन पेट्या उलट्या मांडून मी फरशीवर बसलेय आणि आई दारात उभी राहून बघतेय, हे मला आजही दिसतं. तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता की मी नवं कोरं पातेलं फोडतेय.

"भोकं कशाला गं पाडतेस?"

"पाणी जायला."

"पाणी जायला?" ती आत येऊन पेटीशी वाकली. "आगं, पाणी घालायचं आन् जाऊ द्यायचं? मंग घालायचं तरी कशाला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिचा सगळा जन्म पाणी अडवण्यात गेला. भाताचं खाचर म्हणजे काय, तर चारी बाजूंनी बांध आणि मधे उभं पाणी. बांधाला एका जागी वाट ठेवलेली असते, या खाचरातून त्या खाचरात पाणी सोडायला. त्याला आमच्याकडं तोंड म्हणतात. तोंड बांधायचं, तोंड सोडायचं. सारं भात त्या तोंडावर. लावणी झाली की आई दिवसातून दहादा बांधावरून फिरायची, आणि कुठं पाणी निसटताना दिसलं की फावडं टाकून हातानंच चिखल मळायची आणि थापटायची.

मी लहान असताना तिनं मला एकदा फुटलेल्या बांधात टाच रोवून उभं केलं होतं. "हलू नको रं देवा, म्हंजे हलू नको गं बाय," असं घाईत काहीबाही बोलत ती चिखल आणायला पळाली होती. माझ्या टाचेच्या दोन्ही बाजूंनी पाणी जोर करत होतं. बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर येत होता, पिंढरीला काहीतरी वळवळत होतं, आणि मला रडू येत होतं. पण मी टाच हलवली नाही. आईनं येऊन माझ्या पायाभोवतीच चिखल थापटला आणि मग हळूच पाय काढायला सांगितला. पायाच्या आकाराचं एक भोक राहिलं, ते तिनं मुठीनं बुजवलं. पाणी थांबलं. "माजी वाघीण," म्हणाली. त्यानंतर पाणी अडवलं म्हणून मला कुणी शाबासकी दिलेली नाही.

तर सांगायचं असं, की अशा बाईच्या समोर मी पेटीला भोकं पाडत होते.

पेट्या गॅलरीच्या कठड्याशी मांडल्या. एकीत कढीपत्ता, एकीत मिरची, एकीत आईनं हट्टानं लावलेलं अळू. पहिले काही दिवस काकूंच्या हाका यायच्या. आई कठड्यावरून वाकून खाली पडणाऱ्या थेंबांकडं बघत राहायची. तिला करमत नव्हतं. सकाळी मी लॅबला गेले की ती आणि टीव्ही. तिला टीव्हीतलं काही कळायचं नाही, पण बंद केला की घर फार शांत होतं म्हणायची. कुंभिवलीला हायवेच्या ट्रकांचा आवाज दिवसभर असतो, त्याची तिला सवय. इथं फक्त पाऊस. संध्याकाळी मी तिला भिसेगावच्या विहारात घेऊन जायची. तिथं ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, ऐकता ऐकता डुलकी काढायची, आणि घरी येताना विचारायची, "अश्विन पौर्णिमेला किती राहिलं गं?"

मी थकलेली असायची. ती विचारायची आणि मला राग यायचा. आम्ही दोघी दोन खोल्यांत, दोऱ्यांवरच्या ओल्या कपड्यांमधून वाट काढत फिरत होतो. तिचं लुगडं, माझा ड्रेस, टॉवेल, सगळं थंड आणि दमट, अंगाला लागलं की शिसारी यायची. पंख्याखाली परकर, गॅसजवळ मोजे. मी जेवायला वाढायची, ती अळणी आमटी बघून तोंड वाकडं करायची. मी तिचे पाय उशीवर ठेवायची, ती काढून घ्यायची. दिवसाकाठी आमच्यात धड चार वाक्यं होत नव्हती आणि त्यातलं एक पौर्णिमेचं.

आता इथं मी असं काही लिहावं, की माणसाच्या मनालाही तळाला भोकं लागतात, वगैरे. नाही लिहिणार. थकलेल्या माणसाला असलं काही सुचत नाही. त्याला झोप सुचते.

कढीपत्ता पिवळा पडायला लागला तो भाद्रपदात. आधी खालची पानं, मग वरची. मला वाटलं, नवी जागा आहे, घेईल वेळ. मग पान हाताला लागलं तरी गळायला लागलं. मिरचीनं मान टाकली. अळू मात्र काय माजलं होतं! हत्तीच्या कानाएवढी पानं. आई मला हाताला धरून दाखवायची, "बग, अळू बग कसं झालंय. म्हंजी मातीत दोस नाय."

एका रविवारी मी कढीपत्त्याच्या मातीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि बाहेर काढलं तर वास आला. हा वास मला कळतो. पाणी फार दिवस उभं राहिलं की येतो. मी पेटी एका बाजूनं उचलून खाली बघितलं.

भोकं नव्हती. म्हणजे होती, पण प्रत्येकात चिखलाचा बोळा होता. नीट मळलेला, आत दाबलेला, बाहेरून अंगठ्यानं गुळगुळीत केलेला. नर्सरीची माती लाल होती. हा चिखल काळा होता. कुंभिवलीचा.

तिन्ही पेट्या बघितल्या. तिन्हींची तोंडं बांधलेली. म्हणून काकू गप्प होत्या!

"आई!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातली तांदळाची सुपली हलली. "हे तू केलंस?"

तिनं बघितलं आणि मान खाली घातली. "पाणी वाया जात व्हतं."

"झाड मरतंय त्यानं! कुजलंय ते!"

"भात नाय कुजत."

"तो भात नाही!"

मग मला ते सुचलं, आणि सुचलं तसं मी बोलून टाकलं. "तू मुद्दाम केलंस का? मरावं म्हणून? म्हणजे तुला जायला मोकळं?"

 ती सुपलीतल्या तांदळात बोटं फिरवत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाय, मी नाय करत गं. माजे हात करतात. पाणी चाललेलं दिसलं का हात आपसूक जातात."

हे खरं होतं की अर्धं खरं होतं, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. तिला तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. मी तिच्या हातांकडं बघत बसले. नखांच्या कडेला काळा चिखल होता.

बोळे काढून भागणार नव्हतं. पेचकसाची भोकं बारीक, पुन्हा चोंदणार. मी खाली काकूंकडं गेले. शेलारकाकूंच्या यजमानांकडं ड्रिल आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक, कारण दर रविवारी दुपारी ते भिंतीत काहीतरी ठोकत असतात. काकूंनी ड्रिल दिलं आणि वर स्वतःही आल्या. "भोकं पाडताय? म्हणजे पुन्हा गळणार का हो?" असं विचारत माझ्यामागून जिना चढल्या. मी म्हटलं, "गळणार काकू. गळायलाच हवं." त्यांनी डोळे मोठे केले, पण ड्रिलची वायर काही परत मागितली नाही.

आईनं कढीपत्त्याला बुंध्याशी धरलं. मी पेटी कलती करून खालून ड्रिल लावलं. पहिल्या भोकाला तपकिरी पाण्याची धार आली ती थेट माझ्या मांडीवर. दुसऱ्याला फरशीवर. ते पाणी गॅलरीच्या पन्हाळीतून धो धो खाली गेलं आणि खालून काकूंच्या सुनेची किंकाळी आली, "अगं बाई, माझी चादर!" काकू धावल्या. आई हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली, तोंडाला पदर लावून, अंग गदगदा हलवत. तिच्या हातातलं झाडही हललं, आणि त्याची उरलेली सगळी पानं एकदम खाली आली.

आईचं हसू तिथंच थांबलं. मी ते मातीतून उपसून काढलं. मुळं काळी पडली होती, दोन-तीन सोडून. काळी झालेली कात्रीनं कापली, कोरडी माती आणून भरली, काडी परत रोवली. वीतभर काडी. तिच्यासाठी आणखी काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

अश्विन पौर्णिमा आली. विहारात खीर झाली, वर्षावासाची सांगता झाली. काडीवर पानाचा मागमूस नव्हता. घरी आल्यावर आईनं तिचं बोचकं बांधलं. मी तिला म्हणू शकले असते, थांब. भांडू शकले असते. डॉक्टरांचं नाव सांगता आलं असतं. पण शब्द दिला होता, आणि खरं म्हणजे माझ्यात ताकद नव्हती. मी लॅबमध्ये सुट्टी सांगितली.

"ही पेटी पन घेते," ती म्हणाली. "तिकडं परत लावते तिला. आयशीच्या कुशीत लागंल तरी."

कर्जतहून खोपोलीची एसटी, शिळफाट्याला उतरून रिक्षा. पेटी सगळी वाट तिच्या मांडीवर. भोकांतून तिच्या लुगड्यावर पाणी ओघळत होतं, तिला त्याचं काही नव्हतं. परतीचा पाऊस आदल्या आठवड्यात झोडपून गेला होता, पण त्या दिवशी ऊन होतं. ती रस्त्याकडं बघत बसली होती, बरीच खुशीत. रिक्षावाल्याशी बोलली. "माजं घर हाय रं हितं, हायवेच्या मागं. पोरीकडं गेलते पावसाळ्यापुरती."

रिक्षा वळणावर थांबली. पुढं जाता येईना, कारण पुढं पाणी होतं.

आमच्या शेजारची जमीन विकली गेली होती हे मला माहीत होतं. तिथं कसलंसं गोदाम होणार, असं उन्हाळ्यात कानावर आलं होतं. आई माझ्याकडं आल्यावर त्यांनी भराव घातला होता. मुरमाचे ट्रकच्या ट्रक ओतून जमीन पुरुषभर उचलली होती आणि भोवतीनं सिमेंटची भिंत घातली होती, आमच्या बांधाला अगदी चिकटून. त्या बांधाखाली एक जुनी मोरी होती. साऱ्या वस्तीचं पाणी त्या मोरीतून पलीकडच्या ओढ्याला जायचं. मोरी भरावाखाली गेली होती. तीन महिन्यांचं पाणी आमच्या खाचरांत, अंगणात आणि उंबऱ्यापर्यंत उभं होतं. हिरवट साय आलेलं, जराही न हलणारं. त्यात आमचं घर उभं होतं, ओल भिंतीवर खिडकीपर्यंत चढलेली.

आणि अंगणात आजीचा कढीपत्ता. उभा होता. एकही पान नव्हतं. बुंधा काळा पडला होता, पेटीतल्या मुळांसारखाच काळा.

आईनं पेटी माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली. "अगं आई, पाय!" मी ओरडले, पण ऐकते कोण. मीही पेटी रिक्षात ठेवून मागून गेले. ती झाडापाशी थांबली नाही. सरळ बांधाकडं गेली, जिथं तोंड असायचं तिथं. वाकून पाण्यात हात घातला, खांद्यापर्यंत. चाचपलं. मग दोन पावलं पुढं गेली, पुन्हा हात घातला. मग भिंतीच्या कडेनं, हात घालत, काढत. प्रत्येक वेळी हात सिमेंटला लागत होता. ज्या बांधाची तोंडं तिनं आयुष्यभर बांधली आणि सोडली, त्यातलं एकही तिला सापडेना. भिंत संपली तिथं दुसरी भिंत सुरू होत होती.

ती ताठ उभी राहिली. हातावरून पाणी निथळत होतं. माझ्याकडं वळून म्हणाली, "बाय, तुजी ती मशीन हाय ना, भोकं पाडायची. आता हितं पाड बग भोक. कुठं पाडशील?"

 मी रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, तिथं पाण्यात उभी राहून, रिक्षावाल्यासमोर, मोठ्यानं रडले. आई रडली नाही. माझ्याजवळ आली, ओल्या हातानं माझी पाठ थोपटली. "चल," म्हणाली. "पाय दुकाय लागले."

रिक्षात बसून तिनं पेटी पुन्हा मांडीवर घेतली. मी विचारणार होते की आता कुठं, मावशीकडं का, की गावातच कुणाकडं. त्याआधी तीच रिक्षावाल्याला म्हणाली, "शिळफाट्याला सोड रं. कर्जतची गाडी पायजे."

त्यानंतर माणसं गेली, अर्ज झाले, भिंतीला पाईप टाकू असं कुणीतरी म्हणालं. पाईप अजून पडलेला नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा आम्ही जाऊन भांडी आणि पत्र्याची पेटी तेवढी आणली. यंदा पुन्हा भरलं असेल. आम्ही बघायला गेलेलो नाही.

काडीला थंडीभर काही आलं नाही. आई रोज तिला ओंजळभर पाणी घालायची, जास्त नाही, आणि मग वाकून खालून थेंब पडतोय का बघायची. शिमग्याच्या सुमारास बुडाशी एक हिरवा ठिपका आला. आता कमरेएवढा कढीपत्ता आहे. त्याचं एकही पान अजून आमच्या आमटीत पडलेलं नाही, आई हात लावू देत नाही. फोडणीला मी बाजारातून जुडी आणते आणि गॅलरीतल्या झाडाकडं बघत ती निवडते. याला वेडेपणा म्हणतात, पण कुणाला सांगता?

या आषाढ पौर्णिमेला विहारातून येताना ती म्हणाली, "वर्षावासापुरतीच राहते हं मी." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बरं नाय. अश्विन पौर्णिमेला बगू." मी पुन्हा बरं म्हटलं. आम्हा दोघींनाही कंटाळा आलेला असतो, पण हे एवढं बोलून घेतो.

आज रविवार. सकाळपासून धरलेला पाऊस अजून सोडत नाही. मी आडवी पडलेय, उठवत नाही. आई गॅलरीत स्टुलावर बसून छत्रीच्या काडीनं पेटीचं एकेक भोक मोकळं करतेय. पाय सुजलेलेच आहेत, पण स्टुलाखाली दुसरं बुटकं स्टूल घेऊन त्यावर ठेवलेत. काडी आत-बाहेर होते, मग थांबते, मग टपटप सुरू होतं.

"अहो ताई, वरून गळतंय हो!" खालून काकूंची हाक आली.

मी उठायच्या आत आई कठड्यावरून वाकली.

"गळू द्या वो काकू," ती म्हणाली. "जातंय ना, जाऊ द्या. आमच्याकडं कुंभिवलीला थांबलंय."